मुंबईच्या मुलांना सृष्टी कोणी दाखवली?

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे निसर्गविज्ञान दालन १९२३ मध्ये उघडले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यासाठी आपल्या संग्रहातले नमुने दिले आणि सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांनी पशुपक्षी त्यांच्या रानावनात दिसतात तसे मांडणारे देखावे उभे केले. १९२६ मध्ये या दालनासाठी दरमहा ३५० रुपये पगारावर एक गाइड-लेक्चरर नेमण्यात आला. पाहायला येणाऱ्यांना दालनातून फिरवायचे आणि काचेमागे काय आहे ते समजावून सांगायचे, हे त्याचे काम. त्या पदावर आलेले तरुण गृहस्थ म्हणजे सलीम अली. दोन वर्षांनी ते रजा घेऊन पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीला गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा पैसे नाहीत या कारणाने ते पदच रद्द झाले होते. नोकरी नाही म्हणून ते किहीमला राहायला गेले, तिथे सुगरणीच्या घरट्यांचा त्यांनी केलेला अभ्यास जगभर नावाजला गेला, आणि त्यामुळे ही हकिगत आपण नेहमी एका थोर माणसाच्या आयुष्यातली शुभ कलाटणी म्हणून सांगतो. पक्षिशास्त्राचा त्यात लाभ झाला हे खरेच. पण म्युझियममध्ये येणाऱ्या मुलांच्या बाजूने पाहिले तर इमारत राहिली, पेंढा भरलेले पक्षी राहिले, इंग्रजी पाट्या राहिल्या आणि दाखवणारा माणूस तेवढा गेला. मुंबईतल्या विज्ञानशिक्षणाचा आणि निसर्गशिक्षणाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला की हेच पुन्हा पुन्हा दिसते. शहरातल्या मुलाला सृष्टीची ओढ लागली ती बहुतेक वेळा कुणीतरी शेजारी उभे राहून दाखवल्यामुळे, आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली की सगळ्यात आधी त्याच माणसाची जागा गेली.

सुरुवात मात्र शिकणाऱ्यांनीच केली होती. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढून भूगोल, रसायन, निसर्ग यांवरचे लेख मराठीत आणले. पुढची पिढी मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांच्याच हाताखाली शिकलेली. १८४८ मध्ये त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि तिच्या मराठी शाखेला नाव दिले उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. या सभेत तरुण मुले स्वतः निबंध लिहून मोठ्याने वाचत, श्रोते शंका विचारत, आणि हे निबंध पुढे १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिकात छापून येत. त्याच सुमारास या विद्यार्थ्यांनी मुलींसाठी शाळा काढल्या आणि तिथे आळीपाळीने फुकट शिकवले. विसाव्या वर्षाच्या आतबाहेरची ही मुले. त्यांना विज्ञान कळले होते ते परकीय भाषेत, सांगायचे होते ते गिरगावातल्या, काळबादेवीतल्या माणसांना. जे शिकलो ते आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगितल्यावाचून पुरते शिकलो असे होत नाही, ही जाण या सभेच्या मुळाशी होती. आज विज्ञानप्रसाराच्या नावाने जे काही चालते त्यातला कळीचा भाग, म्हणजे नुकत्याच शिकलेल्याने त्याहून लहानाला शिकवणे, इथे पुरेपूर होता. उणीव होती ती प्रत्यक्ष वस्तूंची. निबंध होते, वादविवाद होते. हातात धरायला पान किंवा कीटक फारसे नव्हते.

वस्तू आल्या त्या पुढच्या पिढीत. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये उघडली, तिच्या आवारातले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १८७२ मध्ये. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, आणि भाऊ दाजी हे वर सांगितलेल्या एल्फिन्स्टनच्याच परंपरेतले. याच म्युझियममध्ये १५ सप्टेंबर १८८३ रोजी मोजकी हौशी मंडळी जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्माला आली. संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष आत्माराम पांडुरंग आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सखाराम अर्जुन. पुढच्याच वर्षी सोसायटीने आपले बिऱ्हाड फोर्ब्स स्ट्रीटवर एच. एम. फिप्सन या मद्यव्यापाऱ्याच्या दुकानात हलवले. गावभरच्या लोकांनी पाहिलेल्या, पकडलेल्या, मारलेल्या जिवांची तिथे रीघ लागे. सोसायटीच्या खोल्यांत १८९४ पासून १९२० पर्यंत विल्यम नावाचा एक जिवंत धनेश राहत होता, यावरून त्या जागेचे वातावरण किती मोकळे असेल याची कल्पना यावी. आणि १९०८ मध्ये खेतवाडीत वाढलेला एक पोरका शाळकरी मुलगा छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली चिमणी घेऊन तिथे गेला. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली ही चिमणी कोणती, एवढेच त्याला विचारायचे होते. सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी नाव सांगून त्याला वाटेला लावले नाही. त्यांनी कपाटांचे खण उघडून सगळा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तके दिली, पक्ष्याचे कातडे सोडवून नमुना कसा तयार करायचा हे शिकवण्याची व्यवस्था केली. नेहमीच्या सांगण्यात या प्रसंगाचा नायक तो मुलगा, म्हणजे पुढचे सलीम अली, असतो. मला वाटते, निम्मे श्रेय मिलार्डचे आहे. उद्योगधंद्यातल्या त्या माणसाने एका अनोळखी पोरासाठी आपली दुपार खर्च केली. म्युझियमने पुढे पगार देऊन जे काम करवून घेतले आणि मग परवडत नाही म्हणून थांबवले, ते हेच.

इथे एक आक्षेप येणारच, आणि तो न्याय्य आहे. हे सगळे कुणासाठी होते? सोसायटीचे सभासद गोरे अधिकारी, लष्करातले शिकारी, बडे व्यापारी, जर्नल इंग्रजीत, आणि चिमणी घेऊन जाणारा मुलगाही तय्यबजींच्या प्रतिष्ठित घरात वाढलेला, मामाच्या ओळखीची चिठ्ठी खिशात घेऊन गेलेला. गिरणगावातला किंवा कामाठीपुऱ्यातला मुलगा अशा दारातून आत गेला असता का? बहुधा नसता. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष लोक उलटा काढतात. ते म्हणतात, मुळात हा सारा साहेबी छंद, मराठी मुलाच्या वाट्याला तो यायचाच नव्हता. सखाराम अर्जुनांकडे पाहिले की हे टिकत नाही. ज्या गृहस्थांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधी द्रव्यांची सूची तयार केली, मराठीतही लेखन केले, त्यांना ही विद्या आपल्या गावाची वाटत होती. १८८५ मध्ये ते वारले. आणखी वीस वर्षे जगते तर सोसायटीत मराठी मुलांसाठीही एखादा मिलार्ड उभा राहिला असता असे म्हणण्यास जागा आहे. दार अरुंद होते ही तक्रार बरोबर आहे. दाराशी उभ्या माणसाची गरज त्यामुळे कमी होत नाही, उलट ज्याच्या खिशात चिठ्ठी नाही त्याला ती जास्त असते.

मराठीने दाखवणाऱ्या माणसाची ही तूट छापील मजकुराने भरून काढण्याचा मनापासून प्रयत्न केला. १९२८ मध्ये पुण्यात प्रा. गो. रा. परांजपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू केले आणि ते किती तरी दशके चालले. १९६६ मध्ये म. ना. गोगटे यांच्या पुढाकाराने मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिची अधिवेशने, तिची पत्रिका, तिच्या विज्ञानकथास्पर्धा यांनी मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांची एक फळी तयार केली. हे काम मोठे आहे. तरीही छापील मजकूर ज्याला आधीच भूक आहे त्याच्याकडे जातो. भूक लावण्याचे काम त्याला जड जाते. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाने हे उघड केले. तोवर ग्रहण कसे लागते हे शाळेतल्या प्रत्येक मुलाने आकृती काढून पाठ केलेले होते. त्या दुपारी तीच मुले आणि त्यांचे आईबाप खिडक्या लावून घरात बसले, रस्ते ओस पडले. आकृती ठाऊक असणे आणि डोळ्यांना योग्य गाळणी लावून आभाळाकडे पाहण्याची हिंमत होणे यांत केवढे अंतर असते! मधल्या काळात लोकविज्ञान संघटनेसारख्या चळवळींनी गावोगाव, वस्त्यावस्त्यांत कार्यक्रम केले, १९८७ मध्ये भारत जनविज्ञान जत्था निघाला. २४ ऑक्टोबर १९९५ च्या, ऐन दिवाळीतल्या ग्रहणाला माणसे आधीपेक्षा कितीतरी मोकळेपणाने बाहेर आली. पाठ्यपुस्तकातली आकृती दोन्ही वेळी तीच होती. फरक पडला तो आधी येऊन समजावणाऱ्या आणि त्या दिवशी सोबत उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे.

या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग नाना चौकातल्या महापालिका शाळेत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र सुरू केले. मानखुर्दच्या स्वतःच्या इमारतीत जाण्याआधी या केंद्राचे काम महापालिकेच्या शाळेतून चाले. व्ही. जी. कुलकर्णी या भौतिकशास्त्रज्ञाने तिथे एक साधा पण टोचणारा प्रश्न हाती घेतला: पालिका शाळांतली, झोपडपट्टीतून आणि चाळीतून येणारी, बहुतेक पहिल्या पिढीतली शिकणारी मुले विज्ञानात मागे का पडतात? प्रचलित उत्तर होते की त्यांच्यात कुवत नाही, घरी वातावरण नाही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकातले विज्ञान तसेच ठेवून फक्त भाषा सोपी केली, लांबलचक संस्कृतप्रचुर वाक्ये मोडली, आणि मुलांची समज सुधारल्याचे दिसले. पुढे त्यांनी पालिका शाळांतल्या दलित मुलांना निवडून काही वर्षे सातत्याने मार्गदर्शन केले. त्यात प्रयोग होते, प्रश्न विचारण्याची मुभा होती, चुकले तर हसणारे कुणी नव्हते. ही मुले शालान्त परीक्षेत अशी उतरली की कुवतीचा सिद्धान्त गळून पडावा. या कामावर १९८५ मध्ये पुस्तक निघाले, त्यात गुणशोधाबरोबरच गुणसंवर्धनाचा शब्द होता. आपल्या व्यवस्थेने त्यातला पहिला भाग तेवढा उचलला. हुशार मुले शोधणाऱ्या परीक्षा वाढल्या, त्यांच्या शिकवण्या वाढल्या, पदके वाढली. ज्याच्यात काही दिसत नाही त्याच्यापाशी दोन वर्षे बसून ते दिसेसे करायचे, हे काम मागे पडले, कारण त्याला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो.

निसर्गशिक्षणाच्या बाजूला याच काळात वारे अनुकूल होते. १९६९ मध्ये मुंबईत डब्ल्यूडब्ल्यूएफची भारतीय शाखा निघाली, १९७६ पासून तिने शाळाशाळांतून निसर्गमंडळे सुरू केली. रविवारी पहाटे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा येऊरच्या जंगलात दुर्बीण घेऊन जाणारी मुलांची टोळकी याच चळवळीने तयार केली, आणि आज पंचावन्न-साठीत असलेले मुंबईचे कितीतरी निसर्गअभ्यासक त्यांतून आलेले आहेत. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, जिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत तिथे झाडे लावून सदतीस एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ मध्ये खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर रान उगवते हे धारावीच्या मुलांना भिंतीपलीकडे पाहता येते, यापेक्षा चांगला परिसंस्थेचा धडा कुठल्या पुस्तकात मिळेल? दरम्यान १९९१ मध्ये वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात आणण्याचे आदेश दिले, २००३ मध्ये ते पुन्हा बजावले, आणि पर्यावरण सक्तीचे झाले. हेतू निर्मळ होता. घडले असे की विषयाला पुस्तक मिळाले, तासिका मिळाली, प्रकल्पवही मिळाली. शिकवण्यासाठी वेगळा माणूस मिळाला नाही. भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकावर तो तास पडला. दुकानातून चित्रे आणून वहीत चिकटवली की जलप्रदूषण शिकून झाले. निसर्गमंडळात ऐच्छिक म्हणून जे जिवंत होते ते सक्तीच्या वहीत कोरडे पडले, आणि विषय आता सगळ्यांनाच आहे म्हटल्यावर मंडळासाठी वेगळा वेळ द्यायची शाळांना गरज उरली नाही.

यावर प्रशासनाची बाजूही ऐकली पाहिजे. मुंबईत शाळेत जाणारी मुले लाखांनी आहेत. प्रत्येकापाशी मिलार्ड कुठून आणणार? त्यापेक्षा विज्ञान केंद्रे, चित्रफिती, मोबाइलवरची अॅप यांवर खर्च करावा. एकदा केले की सर्वांना पुरते. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र याचे उदाहरण म्हणून दाखवता येईल. १९७९ मध्ये तिथे मुलांसाठी विज्ञान उद्यान झाले, १९८५ मध्ये पूर्ण केंद्र उघडले, आणि हात लावून पाहण्याची सोय असल्यामुळे मुलांना ते मनापासून आवडते. मी त्याच्या विरुद्ध नाही. पण अशा केंद्रात शाळेची सहल आलेली पाहा. समजावणारा मिळाला तर मुले एका उपकरणापाशी पंधरा मिनिटे रमतात, नाही तर बटणे दाबत पुढे पळतात. चित्रफितींचे म्हणाल तर अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंतून केलेली विज्ञान-खेळणी सर्वांत जास्त पाहिली गेली असतील. टेल्कोतल्या या अभियंत्याने १९७८ मध्ये रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात काम केले, खेड्यातल्या शिक्षकांबरोबर आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या जोडत या खेळण्यांची कल्पना घडली. पुण्यात आयुका या खगोलसंशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांच्या घोळक्यात ती वाढली. इंटरनेटवर ती गेली त्यानंतर. आणि ती फीत पाहून हातात कागद-कात्री घेणारे मूल कुठले, हे पाहिले तर बहुधा त्याच्या वर्गात कुणीतरी शिक्षिका ती करून घेत असते. संख्येचा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर १८४८ च्या मुलांनी देऊन ठेवले आहे: थोडे आधी शिकलेल्याने मागून येणाऱ्याला शिकवावे. मुंबईच्या महाविद्यालयांतून दरवर्षी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भौतिकी घेऊन मुले बाहेर पडतात आणि त्यांतल्या अनेकांना त्या विषयात काम मिळत नाही; हे दाखवण्याचे काम त्यांना देता येईल.

शहरात निसर्ग उरलाच कुठे, असे म्हणणाऱ्यांना मुंबईचे रान आणि किनारा दाखवावा. बिबट्या असलेले शंभर चौरस किलोमीटरचे जंगल शहराच्या कुशीत आहे, ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि हाजीअली, गिरगाव, जुहूच्या खडकांवर ओहोटीला जे जीव उघडे पडतात ते पाहायला २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटातले तरुण लोकांना घेऊन जातात. ही शिकवण्याची जागा शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही. मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मिळते, कधी पहाटे, कधी संध्याकाळी; आणि खडकावर मुलांना न्यायचे तर दहाबारा जणांमागे एक जाणता लागतो, नाहीतर पाय घसरतो किंवा पायाखाली शंख-शिंपले चिरडतात. इथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वर्सोव्याच्या किंवा माहीमच्या कोळीवाड्यातल्या मुलाला कालवे कुठे चिकटतात, निवट्या चिखलात बीळ कसे करतो, चिंबोरी कधी भरलेली मिळते हे घरातच कळलेले असते. त्याच्या आजीला ते सगळ्यांहून जास्त ठाऊक असते. शाळेत मात्र या ज्ञानाला गुण नाहीत. दाखवणारा माणूस बाहेरून आणावा लागतो ही समजूत इथे अपुरी ठरते. काही वस्त्यांत तो आधीच आहे, त्याला कुणी वर्गात बोलावलेले नाही. महापालिकेच्या एखाद्या किनारी विभागाने आपल्या शाळांसाठी चार पदे भरावीत, दोन पदवीधरांची आणि दोन कोळी बायामाणसांची, ओहोटीच्या तक्त्याप्रमाणे त्यांचे तास लावावेत, आणि ती पदे अंदाजपत्रकात कायम म्हणून दाखवावीत. शहराच्या खर्चात ही रक्कम दिसणारही नाही.